‘ॲक्सेस_ओके’ : नाव एक, काम दुसरे

संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा आपापला वाटा मिळतो. त्याबाहेर त्याने हात घातला की प्रोसेसरच त्याला अडवतो. कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, अशी आडकाठी नसते. इतके सांगून आपला वर्गातला धडा बहुधा संपतो; खरी अडचण मात्र पुढेच आहे.

प्रोग्राम कर्नलला सांगतो, ‘फाइलमधला मजकूर अमुक पत्त्यावर आणून ठेव.’ पत्ता प्रोग्रामने दिलेला, लिहिणारा हात कर्नलचा. शाळेतल्या शिपाईमामांकडे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात. एखाद्या विद्यार्थ्याने चिठ्ठी दिली, ‘हा कागद निकालपत्रकांच्या कपाटात ठेवा’, आणि मामांनी ती न तपासता तसेच केले, तर कुलपाला दोष देता येणार नाही. म्हणून प्रोग्रामने दिलेला पत्ता कर्नलने स्वतः तपासावा लागतो.

लिनक्समध्ये या तपासणीचे नाव आहे ‘ॲक्सेस_ओके’. ‘प्रवेशास हरकत नाही’ असा त्याचा अर्थ, आणि आमचा आक्षेप या नावालाच आहे. ही तपासणी एवढेच पाहते, की दिलेला पत्ता आणि त्यापुढची मागितलेली जागा प्रोग्रामच्या हद्दीत आहे. तिथे मेमरी आहे का, ती केवळ वाचण्यापुरती आहे का, हे ती पाहत नाही. ते प्रत्यक्ष वाचताना-लिहिताना प्रोसेसर ठरवतो. त्याने अडवले, तर कर्नल आधी आखलेल्या वाटेने बाहेर पडतो आणि ‘पत्ता चुकीचा’ असे प्रोग्रामला कळवतो.

मुळात हे असे नव्हते. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये एक उणीव होती : ‘लिहू नये’ असे बजावलेल्या पानावरही कर्नलने लिहिले, तर तो गप्प बसे. लिनक्स १९९१ साली याच प्रोसेसरवर जन्मले. त्यामुळे जुनी ‘व्हेरिफाय_एरिया’ ही तपासणी वाचायचे की लिहायचे हे विचारून घेई आणि प्रोग्रामचा मेमरीचा नकाशा धुंडाळी. १९८९ च्या ४८६ मध्ये ती उणीव दूर झाली होती. पुढे लिनक्सच्या २.१ मालिकेत नकाशा धुंडाळण्याचे काम प्रोसेसरवर सोपवले गेले. हा निर्णय आम्हाला उत्तम वाटतो. चुकणाऱ्या थोड्या प्रोग्रामांपायी सगळ्यांचा वेळ जाईना. शिवाय आधी तपासायचे आणि मग लिहायचे, यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या धाग्याने नकाशाच बदलण्याची भीती टळली.

पण शब्द मागेच राहिले. ३८६ ला २०१३ च्या ३.८ आवृत्तीत निरोप मिळाला, तरी ‘ॲक्सेस_ओके’ला ‘व्हेरिफाय_राइट’ किंवा ‘व्हेरिफाय_रीड’ सांगण्याची रीत २०१९ च्या ५.० आवृत्तीपर्यंत चालूच होती. इंटेलच्या प्रोसेसरवर त्या शब्दाकडे कोणी पाहत नव्हते. वाचणाऱ्याला मात्र वाटे, लिहिण्याची परवानगी तपासली जात आहे!

याहून मोठा दोष असा, की हद्दीची तपासणी आणि प्रत्यक्ष लिहिणे या दोन सुट्या पायऱ्या ठेवल्या होत्या. पहिली विसरली तरी दुसरी बिनबोभाट चाले. २०१७ च्या ४.१३ आवृत्तीत हेच घडले. ‘वेटआयडी’ या सेवेत वेग वाढावा म्हणून दर वेळची तपासणी काढली. तिच्याऐवजी सुरुवातीला एकदा ‘ॲक्सेस_ओके’ हवे होते, ते राहून गेले. आता साधा वापरकर्ताही कर्नलकरवी कर्नलच्याच मेमरीत लिहवून घेऊ शकत होता. तिथून संपूर्ण संगणकाचा ताबा फार दूर नसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती चूक दुरुस्त झाली. ५.० मध्ये आणखी नेमका बदल झाला : प्रोग्रामच्या मेमरीचे दार उघडणारी ‘यूजर_ॲक्सेस_बिगिन’ ही पायरीच आता हद्द तपासते. तपासल्याशिवाय दार उघडतच नाही.

आमच्या मते ही जोडणी पहिल्या दिवसापासून हवी होती. वेगाची सबब इथे टिकत नाही, कारण हद्द पाहायला एखाद-दुसरी तुलना पुरते. ‘ॲक्सेस_ओके’ हे नाव मात्र अजून बदललेले नाही.