चौकटीबाहेरची सूत्रधार

अमृता पाटील यांची 'कारी' 2008 साली हार्परकॉलिन्सने काढली, तेव्हा भारतीय स्त्रीची पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून तिचं कौतुक झालं. तो शिक्का अजून पुसलेला नाही. 'पहिली' म्हटलं की पान कसं रचलं आहे, हे पाहायची गरज संपते. पाटील यांच्याविषयीच्या बहुतेक लिखाणात नेमकं हेच झालं आहे.

जन्म 1979चा, पुण्याचा, बालपण गोव्यात. गोवा कला महाविद्यालयानंतर बोस्टनमध्ये उच्च शिक्षण. 'कारी'ची सुरुवात कारी आणि रूथ या दोन प्रेयसींच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने होते. रूथ वाचते आणि शहर सोडून जाते. कारीला शहराचं गटार झेलतं, आणि तेव्हापासून ती रात्री त्याच गटारांतून होडी वल्हवत तुंबलेल्या वाटा मोकळ्या करते. दिवसा जाहिरात कंपनीतली नोकरी, रात्री हे काम. धुरकट काळ्या-करड्या पानांत मधूनच रंग उसळतो. कलम 377 पूर्ण जोरात होतं त्या काळात ही नायिका स्वतःच्या प्रेमाबद्दल कुठलीही सफाई देत नाही.

खरी झेप मात्र 'आदिपर्व' (2012) आणि 'सौप्तिक' (2016) या महाभारतावरच्या दोन पुस्तकांत आहे. 'आदिपर्वा'त गंगा कथा सांगते. रात्री माणसं तिच्याभोवती जमतात, मध्येच शंका काढतात, हुज्जत घालतात. हे सांगण्याचे प्रसंग कोळशाच्या काळसर रेषांत आहेत. सांगितली जाणारी कथा आली की पान रंगांनी भरून जातं. सांगणं आणि सांगितलेलं यांतलं अंतर शब्दाविना, नुसत्या माध्यमबदलाने कळतं. 'सौप्तिका'त तीच जागा कपाळावर न भरणारी जखम घेऊन फिरणाऱ्या अश्वत्थाम्याकडे जाते. हरलेल्या बाजूचा, पापी माणूस सूत्रधार झाला की युद्धाच्या गौरवाला जागाच उरत नाही. देवदत्त पटनायक यांच्यासोबतच्या 'आरण्यक'मध्ये (2019) कात्यायनीची भूक आणि तिचं स्वयंपाकघर ज्या पानांवर आहे ती पानं अप्रतिम आहेत. तत्त्वचर्चेने मात्र काही ठिकाणी चित्राचा श्वास कोंडला आहे.

सांगणाऱ्याला पानावर आणण्याची ही रीत परदेशातून उचललेली नाही. चित्रकथी एकेक सुटं पान श्रोत्यांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारत गातो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ही परंपरा आजही जिवंत आहे. गोदावरीकाठच्या पैठणच्या नावाने या चित्रांची एक शैली ओळखली जाते. त्या पोथ्यांत सांगणारा लपत नाही. पाटील यांची गंगाही लपत नाही.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायन'मध्ये (2011) आंबेडकरांचं चरित्र परधान गोंड रेषेत मांडताना चौकोनी चौकटी टाकूनच दिल्या. तिथे विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार. भारतीय चित्रकथेचं भवितव्य या वाटेवर आहे. पिळदार दंडांचे देव आणि अमेरिकी महानायकांच्या देशी नकला यांची दखल घेण्याचं कारण नाही.

मग मराठीत हे का घडत नाही? हात कमी पडले म्हणून नक्कीच नाही. 'अमर चित्रकथे'तला 'कृष्ण' राम वाईरकरांनी रेखाटला, 'नागराज'ला पहिलं रूप पुण्याच्या प्रताप मुळीकांनी दिलं, दिलीप कदमांनी ऐतिहासिक कथांची पानंच्या पानं उभी केली. ही सगळी कमाई इंग्रजी-हिंदी प्रकाशनांच्या खाती जमा झाली. मराठी समीक्षेने चित्राला दोनच खोल्या दिल्या: बालसाहित्य आणि व्यंगचित्र. दिवाळी अंकात कथा-कादंबरीला पानं मिळतात, चित्राला मुखपृष्ठ आणि हास्यचित्राची जागा.

वाचक नाही, ही सबब खोटी आहे. तालुक्याच्या गावात 'चांदोबा' वाचून मोठी झालेली पिढी चित्राला बिचकत नाही. बिचकतात ते संपादक आणि परीक्षक, कारण रंग, कोरी जागा, पान उलटतानाचा थांबा यांवर बोलायची सवयच त्यांनी लावून घेतलेली नाही. 'आदिपर्वा'चं परीक्षण महाभारताच्या अन्वयार्थावर संपत असेल तर ते अर्ध्याच पुस्तकाचं परीक्षण आहे. आणि प्रौढांसाठीची चित्रकादंबरी हातात घेणारा मराठी संपादक तिला आधी बालविभागाकडे पाठवत असेल, तर पुढची अमृता पाटीलही इंग्रजीतच लिहील, आणि त्याचा दोष तिच्याकडे नसेल.