‘करण घेलो’ : उत्तरार्धाचे वाचन

नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ ही माझ्या आवडत्या कादंबऱ्यांपैकी एक, असे मी गेली चाळीस वर्षे सांगत आलो आहे. खरे म्हणजे तिचा पूर्वार्ध माझ्या आवडीचा होता. तो मी तीनदा वाचला होता. उत्तरार्ध मात्र एकदाही धड वाचलेला नव्हता, आणि ही कबुली दिल्याशिवाय पुढचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाच्या वाट्याला शाळेत एक प्रसंग हमखास येई. इतिहासाच्या तासाला 1664 आणि 1670 ही साले आली की वर्गातली दहा-वीस डोकी मागे वळत. कुणी दुष्टाव्याने वळत नसे. थट्टा असे, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती विसरलीही जाई. ज्याच्याकडे पाहिले जाई तो मात्र विसरत नसे. अशा वयात ‘करण घेलो’ हाती आली. पाटणचा राजा करण वाघेला राज्य गमावून दोन मुलींसह बागलाणच्या आश्रयाला येतो, देवगडच्या रामदेवाचा पुत्र शंकलदेव त्याच्या मुलीला, देवलदेवीला, मागणी घालतो आणि करण ती नाकारतो. का, तर तो राजपूत आणि मागणारा मराठा. तेथे मी पुस्तक मिटले. लेखक सुरतेचा, राजा गुजरातचा, आणि अपमान आपला, असा सरळ हिशेब मी मांडला होता.

गेल्या पावसाळ्यात ते पुस्तक पुन्हा हाती घेतले आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत गेलो.

1866 मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी गुजरातीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. नंदशंकर (1835–1905) सुरतेचे नागर, येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक, पुढे सरकारी अधिकारी. शिक्षणखात्यातील रसेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या सूचनेवरून त्यांनी हे लेखन हाती घेतले. सामग्री मुख्यतः फोर्ब्स यांच्या 1856 मधील ‘रासमाळा’ या ग्रंथातून आली आणि घडणीवर इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीची छाया पडली. प्रधान माधवाच्या पत्नीचे, रूपसुंदरीचे, करण हरण करवतो. तिला वाचविताना माधवाचा भाऊ केशव मारला जातो. केशवाची पत्नी गुणसुंदरी सती जाताना राजाला शाप देते. सूडाने पेटलेला माधव दिल्लीला जाऊन अल्लाउद्दीन खिलजीला गुजरातेत घेऊन येतो. 1299 च्या स्वारीत पाटण पडते आणि राणी कौलादेवी सुलतानाच्या जनानखान्यात जाते. तरुणपणी मला भुरळ पडली ती माधवाची. अन्याय झालेला माणूस देशद्रोही कसा होतो, हा प्रश्न त्या वयाला पुरेसा होता आणि समीक्षकांचेही लक्ष बहुधा तेथेच खिळते.

या वेळी मला अडवले ते शीर्षकातल्या शब्दाने. ‘घेलो’चे मराठी ‘वेडा’ असे आपण चटकन करून टाकतो. पण गुजरातीत घेलेपणात वेडाइतकाच हट्ट आहे, एखाद्या गोष्टीने झपाटून जाणे आहे. करणाचे घेलेपण म्हणजे परस्त्रीचा मोह, असे आजवर मी धरून चाललो होतो. पण तो मोह तर कादंबरीच्या आरंभीच संपतो. मग उरलेल्या पानांवर हे विशेषण राजाला का चिकटून राहते? केवळ लोकांनी ठेवलेले नाव म्हणून?

मला वाटते, त्याचे उत्तर मी मिटून ठेवलेल्या त्या पानावरच होते. करणाचा दुसरा वेडेपणा बागलाणात घडतो. राज्य गेले, राणी गेली, अंगावर फक्त कुळ उरले. आणि या माणसाने त्या उरलेल्या कुळालाच किल्ला समजून त्यात स्वतःला कोंडून घेतले. पहिल्या वेडाने त्याचे राज्य घेतले, दुसऱ्याने मुलगी. ज्या वाक्याला मी लेखकाचे मत समजलो होतो, ते लेखकाने पात्रावर ठेवलेले आरोपपत्र होते. पापाचे आणि गर्वाचे फळ दाखविण्याची हौस नंदशंकरांना इतकी आहे की ठिकठिकाणी ते गोष्ट थांबवून उपदेश करतात. नेमका येथे त्यांनी उपदेश केलेला नाही, आणि सतरा वर्षांच्या वाचकाला तेवढाच भाग अंगाला लागला.

शंकलदेवाला नाकारण्याचा हा तपशील नंदशंकरांचा नव्हे. तो फरिश्त्याच्या तवारिखेतला आहे आणि ‘रासमाळे’च्या वाटेने कादंबरीत आला आहे. मराठी वाचकाला मात्र त्याच्यामागे आणखी काही दिसते. करण ज्या घराण्याला हलके लेखतो त्याच रामदेवरावाच्या कारकिर्दीत, 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून झालेली आहे. 1296 मध्ये ज्ञानेश्वर समाधिस्थ झाले. त्याच वर्षी अल्लाउद्दीनने देवगिरी लुटली. म्हणजे बागलाणात मागणी येते तेव्हा मागणारेही दुखावलेले, खंडणी देणारे आहेत. दोन पराभूत घराणी एकमेकांच्या उंच-नीचतेचा हिशेब करीत बसली आहेत आणि दिल्लीची फौज वाटेवर आहे. नामदेव तेव्हा हयात होते. त्यांच्या जगात या हिशेबाला काय किंमत होती हे आपल्याला ठाऊक आहे.

वेढा पडल्यावर करण नमतो, पण तोवर उशीर झालेला असतो. देवलदेवीला देवगिरीकडे नेले जात असताना तिची गाठ पडते ती सुलतानाच्या काही शिपायांशी, आणि फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे हे शिपाई लढायला नव्हे, तर वेरूळची लेणी पाहायला निघालेले असतात! चकमकीत तिच्या घोड्याला बाण लागतो आणि ती हाती सापडते. वेरूळहून देवगिरी जेमतेम पंधरा किलोमीटर. ज्या वाटेवरून आपण सहली नेतो, त्या वाटेवर दोन राज्यांचे भवितव्य काही हौशी प्रेक्षकांनी ठरविले. इतिहासकारांना ही हकीकत संशयास्पद वाटते. त्यांच्या जागी त्यांचे बरोबर असेल. पण देवलदेवीच्या मनात काय होते, हे तवारिखेत कोठेच नाही. कादंबरीकाराला ते लिहावेच लागते, आणि ती व शंकलदेव परस्परांवर अनुरक्त आहेत असे मानून नंदशंकरांनी करणाच्या नकाराचे ओझे दुप्पट केले आहे. आता तो केवळ राजकारणातला चुकलेला डाव राहत नाही.

उत्तरार्धात उणिवा आहेत. पाटण जसे रंगागंधासह उभे राहते तसे बागलाण उभे राहत नाही; साल्हेर-मुल्हेरचा तो उभा-आडवा मुलूख लेखकाने पाहिलेला नसावा अशी शंका येते. सुरतेहून सापुताऱ्याच्या घाटाने सटाण्याकडे जाणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही ती पोकळी जाणवेल. तरीही पाचच वर्षांनी, 1871 मध्ये, गुंजीकरांची ‘मोचनगड’ मराठीत आली, तिच्याशेजारी ही कादंबरी ठेवली की एक फरक डोळ्यांत भरतो. मराठीने ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ शिवकालाच्या उदयापासून केला. गुजरातीने तो स्वतःच्या राज्याच्या अस्तापासून केला, आणि त्या अस्ताचा दोष आधी घरच्या राजावर ठेवला. याला धैर्य लागते. तुलसी वत्सल आणि आबान मुखर्जी यांच्या 2015 मधील इंग्रजी अनुवादामुळे हे धैर्य आता गुजराती न येणाऱ्यांनाही पाहता येईल.

येथे थोडे विषयांतर. नंदशंकर पुढे ज्या इंग्रजी शाळेचे प्रमुख झाले, तेथे 1840 च्या दशकात मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग शिकवीत होते. दुर्गाराम मेहताजींबरोबर 1844 मध्ये त्यांनी याच गावात मानवधर्मसभा उभी केली. आणि नंदशंकरांचे पुत्र मनुभाई मेहता 1916 मध्ये बडोद्याचे दिवाण झाले, सयाजीराव गायकवाडांचे. करणाला मराठी घराशी सोयरीक नको होती. त्याची कथा लिहिणाऱ्याच्या मुलाने मराठी राजाचा कारभार दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळला. वर्गात मागे वळणाऱ्या त्या डोक्यांना मला हे तेव्हा सांगता आले असते तर!

कौलादेवीचे कोडे मात्र या वाचनातही सुटले नाही. मुलीला दिल्लीला आणवा, असे सुलतानाला सांगणारी ती स्वतः आई आहे. ही माया आहे, की ज्या नवऱ्याला आपले रक्षण करता आले नाही त्याच्या हाती आता काहीच उरू नये, ही इच्छा? पहिल्या वाचनात मी तिला कृतघ्न ठरवून मोकळा झालो होतो. या वेळी तिच्या प्रत्येक बोलण्यापाशी थबकलो, पेन्सिलने खुणा केल्या, आणि त्यांतल्या निम्म्या नंतर खोडल्या.