संस्थापकावरील श्रद्धा आणि संप्रदायाचे प्रामाण्य : रामदासी परंपरेची एक चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या धर्मपंथावरील श्रद्धा ही त्याच्या संस्थापकावरील श्रद्धेवरच अवलंबून असते काय, हा धर्मचिकित्सेतील मूलभूत प्रश्न आहे. संस्थापकाच्या चरित्रातील एखादी घटना इतिहासाच्या कसोटीला उतरली नाही, तर त्याने दिलेली शिकवणही खोटी ठरते काय? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. कृष्णाकाठच्या या प्रदेशात समर्थ रामदासांचा संप्रदाय वाढला, आणि समर्थांच्या चरित्रावरून झालेले वादही येथेच अधिक तीव्रतेने जाणवले. शिवाजी महाराज आणि रामदास यांची भेट केव्हा झाली, या कालनिर्णयाच्या प्रश्नाला गेल्या शतकभरात जे भावनिक वजन प्राप्त झाले, त्यामागे एक गृहीतक आहे. चरित्र डळमळले की संप्रदायही डळमळतो, असे ते गृहीतक होय. ते कितपत टिकते, हे दासबोध, चरित्रग्रंथ आणि मठपरंपरा यांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्थापकाचा दावा आणि संस्थापकाची शिकवण

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी मॉर्मन पंथाची स्थापना केली. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील मजकुराचे आपण दैवी साहाय्याने भाषांतर केले, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध झाले. सुवर्णपत्रे पाहिल्याची साक्ष देणाऱ्या प्रथम तीन व नंतर आठ व्यक्तींची निवेदने या ग्रंथाला जोडलेली आहेत. याचा अर्थ असा की, येथे ग्रंथाचे प्रामाण्य एका घटनेवर उभे आहे, आणि त्या घटनेचा मुख्य साक्षीदार स्वतः संस्थापक आहे. तो साक्षीदार विश्वसनीय नसेल, तर ग्रंथ प्राचीन न राहता एकोणिसाव्या शतकातील एक रचना ठरतो. पुढे स्मिथ यांनी इजिप्शियन पपायरसांवरून ‘बुक ऑफ अब्राहम’ सिद्ध केले. त्या पपायरसांचे काही तुकडे १९६७ मध्ये पुन्हा पंथाच्या हाती आले आणि ते प्राचीन इजिप्तमधील अंत्यविधीचे मजकूर असल्याचे तज्ज्ञांनी दाखविले. तेव्हा निर्माण झालेला पेच केवळ भाषाशास्त्रीय नव्हता, तो श्रद्धेचा पेच होता.

मात्र याच पंथात दुसराही सूर आढळतो. ग्रंथ खरा आहे की नाही हे वाचकाने थेट ईश्वराला विचारावे, असे आवाहन ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या अखेरीस केलेले आहे. संस्थापकाच्या साक्षीसोबत वाचकाच्या अनुभवालाही येथे स्थान आहे. तथापि वाचकाला जी खात्री पटावी असे अपेक्षित आहे, ती पुन्हा संस्थापकाच्या दाव्याचीच असते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

दासबोधातील प्रामाण्यविचार

दासबोध हा वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ग्रंथ आहे. ग्रंथारंभीच श्रोते हा ग्रंथ कोणता आणि यात काय सांगितले आहे असे विचारतात, आणि त्या प्रश्नाला उत्तर दिले जाते. पहिल्याच समासात ग्रंथकार आपल्या विवेचनाला कोणत्या ग्रंथांची संमती आहे त्यांची नामावळी देतात. उपनिषदे, वेदान्त, विविध गीता यांचा तेथे निर्देश आहे. त्यासोबत शास्त्रप्रचीतीसहित आत्मप्रचीती हा आपला मुख्य आधार असल्याचे ते सांगतात. पुढे या दोहोंत गुरुप्रचीतीची भर पडून जी त्रयी सिद्ध होते, ती दासबोधाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे.

या प्रास्ताविकात काय नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. बालपणी झालेले मारुतीचे किंवा रामाचे दर्शन, बोहल्यावरून केलेले पलायन, टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या, यांपैकी कशाचाही आधार ग्रंथाच्या प्रामाण्यासाठी घेतलेला नाही. मला दर्शन झाले म्हणून माझे माना, असा युक्तिवाद तेथे आढळत नाही. शास्त्र, गुरू आणि स्वतःचा अनुभव यांचा मेळ बसला तर माना, असा तो आहे. यांतील तिसरी प्रचीती ग्रंथकाराच्या अधिकारात नसून श्रोत्याच्या अधिकारात आहे. मनाच्या श्लोकांची रचनाही याच भूमिकेशी सुसंगत आहे. तेथे दोनशे पाच श्लोकांत संबोधन मनाला आहे. बोलणाऱ्याच्या थोरवीचा दाखला देण्याची गरजच त्या रचनेत उद्भवत नाही.

या मताला दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दासबोध शास्त्रवचनांवर अविश्वास दाखविणाऱ्याची कठोर निर्भर्त्सना करतो आणि ग्रंथ पुरता न पाहता दूषण देणाऱ्यालाही खडसावतो. तेव्हा त्याची भूमिका मुक्त चिकित्सेची आहे असे म्हणता येणार नाही. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. परंतु त्यातून सिद्ध होते ते शास्त्रप्रामाण्य, संस्थापकाच्या चरित्राचे प्रामाण्य नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाचव्या दशकात गुरूवाचून ज्ञान नाही असे निःसंदिग्धपणे प्रतिपादिले आहे. मग संस्थापक गुरूवरील श्रद्धा अपरिहार्य ठरत नाही काय? याचे उत्तर त्याच दशकातील सद्गुरुलक्षणात मिळते. करामती दाखविणारे, मंत्र देणारे, विद्या शिकविणारे अशा सर्वांना लोक गुरू म्हणतात, परंतु मोक्ष देणारा सद्गुरू त्यांहून वेगळा, असे तेथे म्हटले आहे. गुरू कसा ओळखावा याची लक्षणे ग्रंथकार देतात, आणि ती शिष्याने तपासावयाची आहेत. जो ग्रंथ गुरूची परीक्षा शिष्याच्या हाती देतो, तो ग्रंथकर्त्यालाही त्या परीक्षेतून वगळत नाही.

चरित्रग्रंथ आणि चमत्कार

समर्थांची चरित्रे मात्र वेगळी वाट चोखाळतात. गिरिधरस्वामींचा ‘समर्थप्रताप’ आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेली हनुमंतस्वामींची बखर ही या परंपरेची महत्त्वाची उदाहरणे होत. बखर आणि समर्थांचे निर्याण यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. या काळात चमत्कारकथांची भर पडली, प्रसंगांना तिथी-वार लाभले आणि राजाश्रयाच्या कथा ठळक झाल्या. असे का घडले, हे समजण्यासारखे आहे. पेशवाईत मठांना इनामे होती, वारसाहक्काचे प्रश्न होते, आणि अन्य संप्रदायांच्या पंक्तीत आपल्या संस्थापकाचे स्थान निश्चित करण्याची निकड होती. चरित्राने ती गरज भागविली.

येथे एक विसंगती नजरेत भरते. करामतीने सद्गुरुत्व सिद्ध होत नाही असे सांगणाऱ्या गुरूचे सद्गुरुत्व त्याच्या चरित्रकारांनी करामतींच्याच आधारे सिद्ध केले. संस्थापकाचा ग्रंथ एक कसोटी मांडतो आणि संस्थापकाचे चरित्र दुसरी. संप्रदायाच्या चिकित्सकाने यांपैकी कोणती कसोटी प्रमाण मानावी? ग्रंथ हा संस्थापकाचा स्वतःचा शब्द असल्याने, संप्रदायाच्या अंतर्गत तर्कानुसारही अग्रक्रम ग्रंथाला द्यावा लागेल.

भेटीच्या कालनिर्णयाचा वाद

या पार्श्वभूमीवर शिव-समर्थ भेटीचा वाद पाहावा लागतो. सांप्रदायिक परंपरेनुसार शके १५७१, म्हणजे इ. स. १६४९ मध्ये चाफळजवळ शिंगणवाडी येथे महाराजांना अनुग्रह झाला. याच्या विरोधात दोन पत्रे पुढे केली जातात. १६५८ मधील भास्कर गोसावी यांच्या पत्रात रामदास कोण, कोठील अशी विचारणा महाराजांनी केल्याचा उल्लेख आहे. १६७२ मध्ये केशव गोसावी यांनी दिवाकर गोसावी यांना लिहिलेल्या पत्रावरून ही पहिलीच भेट असल्याचा निष्कर्ष काढला जातो. उलट बाजूने १६७८ ची चाफळची सनद समोर ठेवली जाते, आणि तिच्या अस्सलपणाविषयीही मतभेद आहेत. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी संप्रदायाची हस्तलिखिते व कागदपत्रे आयुष्यभर गोळा केली. त्यामुळेच या वादाला साधार स्वरूप येऊ शकले. लक्षणीय बाब ही की, परंपरेच्या कथेला आव्हान देणारी ही पत्रेही संप्रदायातील मंडळींनीच एकमेकांना लिहिलेली आहेत.

या प्रश्नाचा निर्णय इतिहाससंशोधकांनी कागदपत्रांच्या आधारे करावयाचा आहे. प्रस्तुत विवेचनात महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. भेट १६४९ मध्ये झाली की १६७२ मध्ये, यावर दासबोधातील एकाही सिद्धान्ताचे सत्यत्व अवलंबून नाही. सुवर्णपत्रे नसतील तर ‘बुक ऑफ मॉर्मन’चे स्वरूपच पालटते, शिंगणवाडीचा अनुग्रह न झाला तरी दासबोधाचे स्वरूप पालटत नाही. असे असताना हा वाद अस्तित्वाचा वाद का बनला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रामदासांकडे राष्ट्रगुरू म्हणून पाहण्याची दृष्टी प्रबळ झाली, आणि त्यांच्या थोरवीचा पुरावा राजगुरुपदात शोधला जाऊ लागला. दुसऱ्या बाजूने सत्यशोधक व ब्राह्मणेतर विचारपरंपरेने महाराजांच्या कर्तृत्वाचे श्रेय अन्यत्र वळविण्यास योग्य तो आक्षेप घेतला. परिणामी एका तारखेवर दोन समाजगटांचा स्वाभिमान टांगला गेला. पुराव्याची छाननी करणारा संशोधक श्रद्धेचा शत्रू मानला जातो आणि भाविकाला आपली भक्ती टिकविण्यासाठी कच्च्या पुराव्याचे समर्थन करावे लागते. यात इतिहासाची हानी आहे, तशीच भक्तीचीही आहे.

संस्थापकाविना चाललेला संप्रदाय

संप्रदाय प्रत्यक्षात कशावर जगला, याचे उत्तर मठांच्या इतिहासात सापडते. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर समर्थांचे निर्याण झाले. त्यापूर्वीच मठांची जबाबदारी शिष्यांकडे होती. डोमगाव येथे कल्याणस्वामी, चाफळच्या व्यवस्थेत दिवाकर गोसावी आणि मिरजेच्या मठात वेणास्वामी ही नावे या संदर्भात महत्त्वाची आहेत. वेणाबाई या बालविधवा. सतराव्या शतकात अशा स्त्रीकडे मठाचा अधिकार येणे आणि तिने कीर्तन करणे, हा अधिकार जन्माने वा चमत्काराने नव्हे, तर साधनेने मिळतो या विचाराचा प्रत्यक्ष आविष्कार होता. त्यांची आणि अक्कास्वामींची समाधी सज्जनगडावर आहे.

समर्थ ब्रह्मचारी असल्याने त्यांचे ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत यांच्या वंशाकडे संस्थानाचा वारसा गेला, तर उपदेशाची परंपरा शिष्यांतून चालत राहिली. मॉर्मन पंथातही १८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या झाल्यावर बहुसंख्य अनुयायी ब्रिगम यंग यांच्या मागे गेले, तर दुसऱ्या गटाने १८६० मध्ये संस्थापकाच्या पुत्राचे नेतृत्व स्वीकारले. संस्थापकाचा अधिकार रक्ताने जातो की कार्याने, हा प्रश्न दोन्हीकडे उपस्थित झाला. रामदासी परंपरेत मात्र हे दोन्ही प्रवाह एकाच समाधीभोवती नांदले.

अकरा मारुतींचे उदाहरणही बोलके आहे. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात, तर मनपाडळे व पारगाव हे कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. बह्याच्या कृष्णेतील बेटावर किंवा शिराळ्यात मारुतीला तेल वाहणारा गावकरी बहुधा अनुग्रह घेतलेला रामदासी नसतो. मूर्ती समर्थांनी स्थापिली हे तो अभिमानाने सांगतो, पण त्याची श्रद्धा मारुतीवर असते. येथे संस्थापक श्रद्धेचा विषय न राहता तिचा निमित्तकारण होतो.

एक प्रतिउदाहरण

याच जिल्ह्याशी नाते असलेले दुसरे संस्थापक म्हणजे महात्मा जोतीराव फुले. त्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाची कल्पना आहे, परंतु त्या निर्मिकाने ग्रंथकाराला काही विशेष सांगितल्याचा दावा नाही. विवेचन प्रश्नोत्तरांनी पुढे जाते. प्रामाण्य सर्वस्वी वाचकाच्या विवेकावर सोपविलेले आहे. दासबोध आणि सत्यधर्म यांची सामाजिक भूमिका परस्परविरोधी आहे, विशेषतः ब्राह्मण्याविषयी. हा विरोध सौम्य करून दाखविणे अप्रामाणिक ठरेल. तरीही संस्थापकाच्या दिव्य साक्षीवर ग्रंथ उभा न करणे, एवढ्या एका बाबतीत हे दोन ग्रंथ एकमेकांच्या जवळ येतात. तसेच दोन्हीकडे अनुयायांनी संस्थापकाची थोरवी ग्रंथाच्या वाचनापेक्षा जयंती-पुण्यतिथीतून अधिक जपली, हेही खरे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संस्थापकावरील श्रद्धा ही एकजिनसी नसते. त्याच्या दाव्यावरील श्रद्धा, त्याच्या शिकवणीवरील श्रद्धा आणि त्याच्या स्मृतीविषयीचा आदर या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. मॉर्मन पंथात पहिली गोष्ट पायाभूत आहे. रामदासी संप्रदायात दुसरी पायाभूत असून तिसरीने संस्थेला टिकाऊपणा दिला आहे. पहिली गोष्ट तेथे उत्तरकालीन चरित्रांनी आणली आणि आधुनिक काळातील अस्मितांनी ती बळकट केली. सज्जनगडावर समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या भाविकाला १६४९ ही तारीख सिद्ध करून देण्याची आवश्यकता नाही, आणि ती नाकारणाऱ्या संशोधकाला त्या भाविकाची श्रद्धा नाकारण्याचे कारण नाही. आत्मप्रचीतीला मुख्य मानणाऱ्या ग्रंथाच्या अभ्यासकांनी तरी चरित्राची चिकित्सा निर्भयपणे होऊ द्यावी, हीच त्या ग्रंथाशी सुसंगत भूमिका होय.