गाडीतील संहिता : मोटारीच्या कार्यप्रणालीच्या विश्वसनीयतेची चिकित्सा

मोटारगाडीच्या संदर्भात ‘विश्वसनीय’ हे विशेषण मराठीत दीर्घकाळ एका ठरावीक अर्थाने वापरले गेले. जी गाडी वाटेत बंद पडत नाही ती विश्वसनीय. आणि बंद पडलीच, तर जवळच्या कारागिराला जिचे दुखणे कळते, तीही जवळजवळ तितकीच विश्वसनीय. आज इंजिन, ब्रेक व सुकाणू यांवर संगणकाचे नियंत्रण आले असून त्या संगणकाची कामे लावून देणारी कार्यप्रणाली हा गाडीचाच एक घटक झाला आहे. विशेषण मात्र जुनेच राहिले, आणि त्यामागचे मापही जुनेच राहिले : किती किलोमीटर, किती वर्षे. हे माप कार्यप्रणालीला लागू पडते काय, याची चिकित्सा करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

जुन्या अर्थाचे मुंबईतील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाटच्या परवान्याने ‘११०० डिलाइट’ ही गाडी बाजारात आणली. तिलाच पुढे ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिचा काळ संपला.

पद्मिनी बिघडत नसे असे नाही. कार्बोरेटरात कचरा अडके, पॉइंट झिजत, प्लग काळे पडत. परंतु हे दोष इंद्रियगम्य होते. आवाज, वास व स्पर्श यांवरून कारागीर निदान करी आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून सुटा भाग आणून बसवी. शिवाय झीज ही प्रत्येक गाडीची स्वतंत्र असे. एका टॅक्सीचा पॉइंट झिजला म्हणून शहरातील सर्व टॅक्सींचे पॉइंट त्याच क्षणी निकामी होत नसत. किलोमीटरांचे माप या सृष्टीतून आले आहे आणि झिजणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ते यथार्थही आहे.

२

कार्यप्रणाली झिजत नाही. कोणते काम केव्हा करावे, कोणत्या कामाला स्मृतीचा किती भाग द्यावा, आणि दोन कामे एकाच वेळी पुढे आली असता कोणाला थांबवावे, याचे नियम सांगणारी ती एक संहिता आहे. ब्रेकच्या नियंत्रकात तर योग्य आज्ञा उशिरा पोहोचणे हे चुकीची आज्ञा पोहोचण्याइतकेच घातक असते. अशा संहितेतील दोष पहिल्या दिवसापासून तिच्यात असतो आणि तिच्या प्रत्येक प्रतीत असतो. विशिष्ट परिस्थिती जुळून येईपर्यंत तो केवळ दिसत नाही.

गॅरेजमधील बोलभाषेने हा भेद शास्त्रीय परिभाषेच्या आधीच टिपला आहे. सुटा भाग निकामी झाला की ‘सेन्सर गेला’ असे म्हणतात. प्रणाली अडकली की ‘हँग झाली’. गेलेली वस्तू परत येत नाही, ती बदलावी लागते. हँग झालेली प्रणाली बंद करून चालू केली की पूर्ववत होते. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात तुंबलेले पाणी नियंत्रकात शिरून गाडी बंद पडली, तर तो पहिल्या प्रकारचा दोष होय : भिजलेला भाग हाती लागतो, दाखवता येतो. दुसऱ्या प्रकारात मात्र उपाय हाच पुराव्याचा नाश ठरू शकतो. घडलेल्या प्रसंगाची नोंद जपण्याची तजवीज आधीच केलेली नसेल, तर प्रणाली पुन्हा सुरू होताच दोषक्षणीची स्थिती पुसली जाते आणि तपासणाऱ्याला निर्दोष गाडी दिसते. चालकाचा शब्द तेवढा उरतो.

३

दोष संहितेचा असेल, तर त्याची चिकित्सा पाठचिकित्सेच्या अंगाने व्हावयास हवी. महाराष्ट्राला या शास्त्राची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने वि. सी. सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे कार्य उभे केले, ते हस्तलिखितांच्या तुलनेवर आधारलेले होते. प्रती परस्परांहून भिन्न असतात, म्हणूनच एकीची चूक दुसरीच्या साहाय्याने ओळखता येते. संगणकीय संहितेच्या प्रती सर्वस्वी सारख्या असतात. एकच कार्यक्रम सारख्याच परिस्थितीत हजार गाड्यांत चालवून पाहणे म्हणजे एकच पान हजारदा वाचणे होय.

याची भारी किंमत अंतराळविज्ञानाने मोजली आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शनासाठी त्यावर दोन यंत्रणा होत्या. परंतु दोहोंत संहिता एकच असल्याने एक मोठी संख्या लहान जागेत बसवण्याच्या प्रयत्नात दोन्ही एकाच प्रकारे बंद पडल्या. मग संहिता वेगवेगळ्या लेखकांकडून लिहून घेतल्या तर? जॉन नाइट व नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच कामासाठी स्वतंत्रपणे लिहिलेले २७ कार्यक्रम तपासले. स्वतंत्र लेखकांच्या चुका एकाच वेळी आढळण्याचे प्रमाण केवळ योगायोगाने अपेक्षित असते त्याहून बरेच अधिक निघाले. पाठचिकित्सकाला याचे आश्चर्य वाटू नये : एकमेकांना न भेटलेले लेखनिकही मूळ ग्रंथातील त्याच अवघड स्थळी अडखळतात.

४

किलोमीटरांच्या मापाचे समर्थक म्हणतील की लाखो गाड्या वर्षानुवर्षे धावत आहेत, हा अनुभव नगण्य कसा? हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु बटलर व फिनेली यांनी १९९३ साली दाखवून दिल्याप्रमाणे, ज्या प्रणालीवर प्राण अवलंबून आहेत तिची अतिउच्च विश्वसनीयता केवळ चाचणीने सिद्ध करणे व्यवहारात अशक्य आहे. शंभर कोटी तासांत एकच घातक चूक, ही कसोटी घेतली तर एका यंत्राला एक लाख वर्षांहून अधिक काळ चालवावे लागेल. गाड्यांची संख्या वाढवून हा काळ विभागता येईल. पण त्यासाठी संहिता त्या अवधीत अविचल राहिली पाहिजे. आज ती दूरसंदेशाने वारंवार बदलली जाते. नव्या पाठाला जुन्या पाठाचा अनुभव आपोआप लागू होत नाही.

५

मग वाचन हाच मार्ग उरतो. आणि वाचन कोणी, किती खोलवर केले, यावर निष्कर्ष पालटू शकतो. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींची तपासणी अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने केली. २०११ च्या अहवालात तशा वेगवाढीला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नसल्याचे नमूद झाले. पुढे २००५ च्या कॅमरी गाडीच्या एका प्राणघातक अपघाताच्या खटल्यात वादीच्या तज्ज्ञांनी संहिता बंदिस्त खोलीत दीर्घकाळ वाचली आणि प्रणालीतील एखादे काम मध्येच बंद पडल्यास वेगाचे नियंत्रण सुटू शकते अशी साक्ष दिली. ओक्लाहोमातील ज्यूरीने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला जबाबदार धरले. कंपनीने दोष मान्य केला नाही, आणि त्या अपघाताचे कारण तेच होते हे प्रत्यक्ष नोंदीने सिद्धही झाले नाही. परंतु ज्या वाचनाने ही शंका उभी राहिली, ते गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी व्हावयास हवे होते.

केवळ कार्यप्रणाली निर्दोष असणेही पुरेसे नाही. २०१५ साली दोन संशोधकांनी जीप चेरोकीच्या करमणुकीच्या यंत्रणेतून दुरूनच शिरकाव करून ब्रेकपर्यंत मजल मारली. त्यानंतर सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली गेली. त्या यंत्रणेतील क्यूएनएक्स ही कार्यप्रणाली भरवशाची म्हणून प्रसिद्ध होती. दोष तिच्या गाभ्यात नव्हता. बाहेरच्या जाळ्याकडे उघडे ठेवलेले द्वार आणि आतील घटकांची परस्परजोडणी यांत होता. व्याकरणशुद्ध वाक्येही चुकीच्या क्रमाने जोडली तर अर्थाचा अनर्थ होतो, तद्वतच हे.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. तथापि हा अधिकार गाजवण्यासाठी दोष आधी कळला पाहिजे, आणि तो कळण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत : उत्पादकाशी हितसंबंध नसलेल्या वाचकाला संहिता पाहण्याची मुभा, प्रणाली अडकल्याच्या क्षणाची न पुसणारी आणि गाडीच्या मालकाला मिळू शकणारी नोंद, आणि प्रत्येक नव्या पाठासोबत काय बदलले याचे स्पष्ट निवेदन. यांवाचून दादरच्या चौकात ब्रेकने प्रतिसाद दिला नाही असे सांगणारा टॅक्सीचालक आणि गाडीत दोष आढळला नाही असे सांगणारे सेवाकेंद्र यांत निवाडा करण्याचे साधन कोणापाशीच राहत नाही, आणि साधनाअभावी दोष चालकाच्या माथी येतो. पद्मिनीच्या चालकाला निदान टोपण उघडून दाखवता येत असे.