वाङ्मयीन नियतकालिके आणि नवे लेखक

नव्या लेखकाचा शोध घेऊन त्याला वाचकांसमोर आणणे, हे प्रस्थापित वाङ्मयीन नियतकालिकांचे एक प्रमुख कार्य होय. मराठीत विविधज्ञानविस्तार (१८६७), करमणूक (१८९०), मनोरंजन (१८९५) यांनी ते आपापल्या परीने केले. केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. त्यांची कविता वाचकांपर्यंत पोहोचली ती नियतकालिकांतूनच. या कार्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही सर्वांत ठळकपणे दिसतात, त्या मात्र सत्यकथा मासिकाच्या इतिहासात.

सत्यकथा १९३३ मध्ये निघाले. श्री. पु. भागवत यांच्या संपादनाखाली चाळिशीच्या दशकात त्याला वाङ्मयीन वळण लागले. पुढे राम पटवर्धन यांनी ती धुरा वाहिली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर प्रभृतींच्या नवकथेला येथे हक्काचे स्थान मिळाले. यांपैकी काहींच्या लेखनाचा आरंभ अन्यत्र झाला होता. तेव्हा ‘शोध’ हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. सत्यकथेचे खरे श्रेय जोपासनेचे आहे. आलेले हस्तलिखित केवळ ‘स्वीकृत’ किंवा ‘साभार परत’ या दोन शेऱ्यांनी निकालात न काढता लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करावयाचा, शेवट सैल पडला असल्यास तो दाखवावयाचा, पुनर्लेखन सुचवावयाचे आणि पुढील कथेची वाट पाहावयाची, ही त्या संपादकांची रीत होती. मोठ्या शहरापासून दूर राहून लिहिणाऱ्या होतकरूला असे पत्र मानधनाहून मोलाचे वाटे. मौजेचा दिवाळी अंक व मौज प्रकाशन यांमुळे मासिकातील कथेला ग्रंथापर्यंतची वाटही खुली होती.

परंतु जो संपादक लेखनाला आकार देतो, तो स्वतःच्या अभिरुचीचाच आकार देतो. कलाकृतीची स्वायत्तता व घाटाची सुबकता यांवर भर देणाऱ्या या दृष्टीला झोपडपट्टीची, शिवराळ वा विस्कळीत भाषा अपुरी वाटणे स्वाभाविक होते, अन्यायकारकही होते. साठोत्तरी लघुनियतकालिकांनी हाच आक्षेप घेतला. १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्यकथेच्या अंकाची होळी केली. त्या कृतीत अतिरेक असला, तरी तिच्यामागील प्रश्न खोटा नव्हता : ज्याचे जगणेच संपादकाच्या अनुभवकक्षेबाहेरचे आहे, त्याच्या लेखनाची पारख कोणी करावी? दलित लेखकांना त्याचे उत्तर स्वतःच उभारावे लागले. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेले अस्मितादर्श हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे नवलेखकाला संधीबरोबरच आपल्या अनुभवाशी परिचित असा वाचकही लाभला.

सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडले. अनुष्टुभ (१९७७) आणि पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्याहून काढलेले कवितेला वाहिलेले कवितारती (१९८५) यांनी, मर्यादित वर्गणीदारांच्या बळावर, हे काम मुंबई-पुण्याबाहेरही रुजविले.