वीरनायकाचे पुनरागमन : 'द चॉकलेट सोल्जर'चा रंगमंचीय प्रवास

बर्नार्ड शॉ यांच्या 'आर्म्स अँड द मॅन' (१८९४) या सुखात्मिकेवर आधारलेला 'डेर टाप्फेरे झोल्डाट' हा विनोदी ऑपेरेटा १४ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाला. संहिता रुडॉल्फ बेर्नाउअर व लेओपोल्ड याकोबसन यांची, संगीत ऑस्कर स्ट्राउस यांचे. शॉ यांनी अनुमती दिली ती अटींवर : मूळ संवाद व पात्रांची नावे घेऊ नयेत आणि ही कृती विडंबन असल्याचे जाहीर करावे. मानधनही त्यांनी नाकारले. 'द चॉकलेट सोल्जर' या नावाने झालेल्या इंग्रजी रूपांतराचे मात्र न्यूयॉर्कमध्ये (१९०९) २९६ आणि लंडनमध्ये (१९१०) ५०० प्रयोग झाले. या शीर्षकात मूळ नायिकेचाच शब्दप्रयोग परतला, हा उपरोध लक्षणीय आहे.

शब्द काढून घेतल्यावर नाटकाचे काय उरते, हा येथे कळीचा प्रश्न ठरतो. कथानक उरले, आशय मात्र उलटला. शॉ यांच्या नाटकात रैनाची वीरकल्पना हास्यास्पद ठरते, कारण काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणारा ब्लंट्श्ली तिच्यासमोर उभा राहतो. ऑपेरेटात रैनाची नादिना होते आणि वीराचा तिचा ध्यास 'माय हीरो' या वॉल्ट्झमधून व्यक्त होतो. संवादातील भाबडेपणाला प्रेक्षक हसतो. सुरातील उत्कटतेला तो शरण जातो. ज्या भावनेचा उपहास करावयाचा, तिलाच संगीताने प्रतिष्ठा दिली.

दुसरा बदल सामाजिक आहे. शॉ यांचा सर्जियस अखेरीस दासी लूकाचा स्वीकार करतो. ऑपेरेटातील अलेक्सियसची जोडी मात्र घरातल्याच नातलग तरुणीशी, माशाशी जुळते. वर्गभेदावरील टीका अशा रीतीने विरून जाते.

१९४१च्या हॉलिवूड चित्रपटात ही प्रक्रिया टोकाला गेली. शॉ यांच्या कथेचे हक्क न मिळाल्याने स्ट्राउसची गाणी ठेवून कथानक मोल्नार यांच्या 'द गार्ड्समन'मधून घेण्यात आले. नाट्यपदे नाटकाबाहेर कशी स्वतंत्रपणे जगतात, हे मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासकाला परिचित आहे. येथे तर पदांनी दुसरे नाटकच धारण केले.

शॉ यांनी आपले शब्द राखले, आशय राखणे मात्र त्यांना साधले नाही. म्हणूनच रूपांतराची चिकित्सा केवळ संहितांच्या तुलनेवर थांबू शकत नाही. कोणत्या प्रसंगी पात्र बोलते आणि कोणत्या प्रसंगी गाते, याचाही विचार तिला करावा लागतो.