आयरी जोन्सचे केस

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ज्यांनी वाचली आहे, त्यांस यमूच्या केशवपनाचा प्रसंग विसरणे शक्य नाही. स्त्रीच्या मस्तकावरील केस हा केवळ वर्णनाचा विषय नसून तिच्या कथेचे मर्म होऊ शकतो, हे मराठी वाचकाला म्हणूनच नव्याने सांगावे लागत नाही. झेडी स्मिथ या इंग्रज लेखिकेने वयाच्या चोविसाव्या वर्षी, २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाइट टीथ’ या कादंबरीत असेच एक प्रकरण आहे. फरक इतकाच की, यमूचे केस इतरांनी बळजबरीने उतरविले. आयरी जोन्स आपले केस स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, पदरचे पैसे मोजून घालविते.

आयरीचा बाप इंग्रज, आई जमैकाची. आजी हॉर्टेन्स हीदेखील एका इंग्रज अधिकाऱ्याची आणि कृष्णवर्णी मुलीची संतती. (लेखिकेचे आईबापही अनुक्रमे जमैकाचे व इंग्लंडचेच आहेत, पण तेवढ्यावरून कादंबरीला आत्मचरित्र समजण्याचे कारण नाही.) प्रकरणाचा काळ १९९०, स्थळ लंडन, आयरीचे वय पंधरा. वर्गात शेक्सपिअरच्या सुनीतांतील श्यामल स्त्रीचा पाठ चालू असता ती स्त्री आपल्यासारखी असेल काय, असे ही मुलगी विचारते, आणि बाई तो प्रश्न झटकून टाकतात. साहित्याच्या आरशात तोंड पाहू गेलेल्या मुलीला आरसाच नाकारला जातो. मग ती निघते ती थेट केस सरळ करून देणाऱ्या दुकानी. मिलत नावाच्या बंगाली मुलावर तिचे मन बसले आहे, आणि सरळ, लांब, झुळझुळणारे केस आल्याखेरीज तो आपल्याकडे पाहणार नाही, अशी तिची खात्री आहे.

दुकानाचे वर्णन लेखिकेने हास्यरसात केले आहे, पण ते हसू घशात अडकते. नवस फेडायला बसावे तशा बायका डोक्याची आग सोशीत बसलेल्या आहेत. आयरी नुकतीच न्हाऊन आलेली. टाळूवर साचलेले तेल हेच त्या दाहक रसायनापुढचे कवच असते. ते धुऊन आल्यामुळे टाळू पोळते आणि केस हाती येतात. हा तपशील ज्याला माहीत आहे तोच हे प्रकरण लिहू शकतो. केसांविषयी ‘सुंदर’ किंवा ‘विद्रूप’ असे शेरे मारणारे लेखक पुष्कळ. केसांची प्रकृती जाणून लिहिणारे थोडे. स्मिथबाईंचे खरे यश आम्हांस येथे दिसते.

परंतु पुढे त्या घाई करतात. मिलतच्या घरी त्याची नातलग नीना आणि तिची मैत्रीण भेटतात आणि पूर्वीचे केसच छान होते, असे आयरीला बजावतात. बोलणे खरे आहे, आणि तरीही सोपे आहे. ‘असतील तसे ठेव’ म्हणजे काय करायचे, हे त्या मुलीला कोणी शिकवीत नाही. असे केस आपोआप राहत नाहीत. वेटोळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात; कोरड्यावर फणी ओढली की तुटतात. मिश्र वंशाच्या मुलांच्या एकाच डोक्यावर मानेपाशी मऊ लाटा आणि माथ्यावर घट्ट वेटोळी असेही पुष्कळदा असते. ते ओले करून, निसरडे कंडिशनर लावून, बोटांनी किंवा रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे, बट बट वेगळी करीत सोडवावे लागतात. रोज न्हाणे चालत नाही. निजताना सुती उशी केसांचा ओलावा शोषते, म्हणून रेशमी किंवा साटिनचे फडके बांधतात. वेणी कपाळापाशी ताणून घातली तर कानशिलाचे केस कायमचे जाऊ शकतात. ही विद्या आईकडून मुलीकडे जाते; जेथे आईच्याच केसांची जात निराळी, तेथे ती मुद्दाम शिकावी लागते.

हे आम्ही विस्ताराने लिहितो त्याला कारण आहे. आमच्या देवस्थानांच्या उत्सवांना परदेशाहून येणाऱ्या कुटुंबांत अशी नातवंडे आता दिसतात. आजी प्रेमानेच खोबरेलाची वाटी आणि बारीक दातांची फणी घेऊन बसते, मूल रडते, आणि ‘काय हे राठ केस’ असा उद्गार त्याच्या कानी पडतो. आबोलीची फाती ज्यांत माळता येते तेवढेच केस चांगले, ही आमची समजूत आयरीच्या समजुतीहून फार दूर नाही.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केस गमावलेली आयरी शेजारच्या दुकानातून विकतचे केस घेते, आणि ते असतात थोड्याच वेळापूर्वी तेथे घासाघीस करून आपले केस विकून गेलेल्या एका भारतीय तरुणीचे. योजना विलक्षण आहे. ख्रिस रॉक या अमेरिकन नटाचा ‘गुड हेअर’ हा २००९ चा अनुबोधपट याच धाग्याने तिरुमलेपर्यंत पोहोचला. तेथे कल्याणकट्ट्यावर श्रीव्यंकटेशाला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि ते दूरदेशी टोपांत व गंगावनांत जातात. २००४ साली जेरुसलेमच्या एका थोर ज्यू धर्मगुरूने, हे केस मूर्तिपूजेतील म्हणून वर्ज्य ठरविले, तेव्हा ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ज्यू स्त्रियांनी आपले टोप जाळले. केस विकला गेला तरी त्याचा पूर्वेतिहास त्याला चिकटून राहतो, हे त्या स्त्रियांनी ओळखले होते. स्मिथबाई मात्र ती भारतीय मुलगी गल्ल्यापाशी उभी करतात, तिची गरज दोन वाक्यांत सुचवितात आणि तिला दाराबाहेर घालवितात. शेवटी आयरी आरशासमोर उभी राहून परके केस उपटून काढते. ते भूमीवर पडलेले आम्ही पाहतो. ज्या मुलीचे ते होते, ती पुन्हा आम्हांस भेटत नाही.